सहृदयतेचे नियम

कामाच्या ठिकाणच्या सहृदयतेचा विचार मराठीत बहुधा स्वभावाच्या अंगाने केला जातो. साहेब कनवाळू आहे की खडूस, सहकारी मदतीला धावणारे आहेत की पाय ओढणारे, एवढ्यावरच चर्चा थांबते. स्वभावाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु नोकरदाराचे स्वास्थ्य, म्हणजे केवळ आजार नसणे नव्हे तर पुरेशी झोप, घरासाठी उरणारा वेळ, स्वतःच्या कामाविषयीचा आदर आणि उद्याची किमान शाश्वती, हे ज्या गोष्टींवर टिकते किंवा ढासळते, त्या बहुतांशी कुणाच्या स्वभावात नसून कामाचे मोल कसे ठरवायचे, वेळ कसा वाटायचा आणि माणसाला कामावरून कमी कसे करायचे याविषयीच्या नियमांत असतात. वॉशिंग्टन राज्यातले, सिएटलच्या पूर्वेला वसलेले रेडमंड या विधानाची पारख करण्यास सोयीचे आहे; कारण १९८६ साली मायक्रोसॉफ्टने तेथे मुख्यालय हलवल्यापासून एका कंपनीचे नियम आणि त्या शहरातल्या घरांची झोप यांचा संबंध तेथे उघड दिसतो, आणि त्या घरांत मराठी घरेही आहेत.

या कंपनीत अनेक वर्षे सक्तीची क्रमवारी होती. प्रत्येकाचे काम कामाच्या कसोटीवर न तोलता गटातील इतरांच्या तुलनेत तोलायचे, आणि वरच्या, मधल्या व तळाच्या श्रेणीत किती माणसे बसवायची याचे प्रमाण आधीच ठरवून ठेवायचे, अशी ही पद्धत. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांच्यामुळे ती विशेष प्रसिद्धीस आली. गट कितीही उत्तम असला तरी त्यातील कुणीतरी तळाला जाणे अटळ होते. त्यामुळे कुशल अभियंते इतर कुशल अभियंत्यांच्या गटात जाण्याचे टाळत, आणि अडलेल्या सहकाऱ्याला हात देणारा माणूस स्वतःचेच स्थान धोक्यात घालत असे. चांगुलपणावर जणू करच बसवलेला होता, आणि तो कर भरूनही काही माणसे चांगली राहिली हे त्यांचे मोठेपण. पण संस्थेने त्यांच्या मोठेपणावर विसंबून राहावे हे न्याय्य नव्हते. २०१२ साली पत्रकार कर्ट आयकेनवाल्ड यांनी ‘व्हॅनिटी फेअर’मधील दीर्घ लेखात आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे याच पद्धतीला कंपनीच्या घसरणीचे एक मोठे कारण ठरवले. नोव्हेंबर २०१३ मध्ये मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख लिसा ब्रमेल यांनी ती रद्द केल्याचे जाहीर केले, आणि पुढे मूल्यमापनात माणसाने स्वतः काय केले याच्या जोडीला इतरांच्या यशाला त्याने काय हातभार लावला आणि इतरांच्या कामावर स्वतःचे काम कसे उभारले, हेही विचारले जाऊ लागले.

सत्या नाडेला मुख्य कार्यकारी अधिकारी झाले ते त्यानंतर, फेब्रुवारी २०१४ मध्ये. कंपनीतील बदललेल्या वातावरणाचे श्रेय त्यांच्या सहवेदनेला दिले जाते, आणि त्यात तथ्य आहेच. मात्र आधी नियम बदलला आणि मग त्या स्वभावाला वाव मिळाला, हा क्रम सहसा सांगितला जात नाही. ‘हिट रिफ्रेश’ या २०१७ च्या पुस्तकात नाडेला यांनी १९९२ च्या आपल्या मुलाखतीचा प्रसंग दिला आहे: रस्त्यात पडून रडणारे तान्हे मूल दिसले तर काय कराल, या प्रश्नावर त्यांनी ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करण्याचे उत्तर दिले, आणि आधी मुलाला उचलून घ्यायचे असते, असे त्यांना ऐकावे लागले. मुलाला उचलायलाच हवे, यात शंका नाही. तरीही ९११ ची यंत्रणा हीसुद्धा करुणाच आहे, जवळून जाणारा माणूस कोण असेल यावर अवलंबून न राहणारी करुणा, हे उत्तर त्या प्रसंगाच्या चर्चेत हरवून जाते.

येथे मराठीतील ‘भीड’ या शब्दाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून खरे बोलण्याचे टाळणे म्हणजे भीड, आणि ती अनेकदा सहृदयता म्हणून खपून जाते. जो वरिष्ठ वर्षभर ‘छान चालले आहे’ म्हणत राहतो आणि वर्षाअखेरीस प्रतिकूल शेरा हाती ठेवतो, त्याने हाताखालच्या माणसाचा सुधारण्याचा अवधी हिरावून घेतलेला असतो. उणीव वेळेवर, एकांतात आणि उपायासह सांगणे हे भिडेपेक्षा कठीण असून अधिक प्रेमाचे आहे.

वेळेचे उदाहरण लहान असले तरी बोलके आहे. २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी १४ जणांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजल्या, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार बैठका सलग घेतल्यास ताणाशी निगडित लहरी वाढत जातात आणि मध्ये दहा मिनिटांची विश्रांती मिळाल्यास तशा वाढत नाहीत, असे त्यांना आढळले. चौदा जणांवरून मोठा सिद्धान्त मांडता येणार नाही. परंतु त्यानंतर कंपनीच्या दिनदर्शिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बैठक आपोआप काही मिनिटे आखूड करण्याची सोय संस्थांना मिळाली, म्हणजे विश्रांती मागण्याचा संकोच कर्मचाऱ्यावर उरला नाही. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मालकांकडे दयेची याचना केली नाही. त्यांनी आठवड्याच्या सुट्टीचा नियम मागितला, आणि १८९० मध्ये तो मिळवला.

रेडमंडमधील मराठी घरांच्या बाबतीत या विचाराची खरी कसोटी नोकरी जाण्याच्या वेळी लागते. एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी संपली की त्याला, २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार, जास्तीत जास्त ६० दिवसांत नवा मालक शोधावा लागतो, व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक ग्रीनकार्डे, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, जात नसल्याने भारतीयांची रांग दशकाहून लांब झाली आहे, आणि म्हणून दहा-बारा वर्षे तेथे राहिलेल्या, मुले तिथल्याच शाळेत शिकणाऱ्या, कर्जावर घर घेतलेल्या कुटुंबालाही हेच ६० दिवस मोजावे लागतात. अशा वेळी व्यवस्थापकाच्या डोळ्यांतील पाण्यापेक्षा कॅलेंडरवरील तारीख मोलाची ठरते. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा अमेरिकेतील लाभपात्र कर्मचाऱ्यांना, कायद्याने आवश्यक असो वा नसो, नोकरी संपण्यापूर्वी ६० दिवसांची सूचना आणि सहा महिन्यांचे आरोग्यविमा संरक्षण देण्याचे ठरवले. सूचनेच्या काळात माणूस पगारावर असल्याने व्हिसाचे ६० दिवस त्यानंतर सुरू होतात आणि हाती चार महिने येतात. तीच रक्कम एकगठ्ठा देऊन त्याच दिवशी नोकरी संपवली, तर कंपनीच्या वहीतील खर्च जवळपास तेवढाच राहतो. घरात मात्र दोनच महिने उरतात, आणि शाळेचे सत्र संपण्याआधी सामानाची बांधाबांध सुरू होते.