फळाविना कर्म

अमेरिकेत २९ एप्रिल १९९६ रोजी ‘टीव्ही लँड’ ही केबल वाहिनी सुरू झाली. ‘निकलोडियन’ ही मुलांची वाहिनी १९८५पासून, मुलं झोपल्यावर, ‘निक ॲट नाइट’ या नावानं मोठ्यांसाठी जुन्या मालिका दाखवत होती. त्या रात्रपाळीला एवढं गिऱ्हाईक मिळालं की जुन्याच मालिका दिवसरात्र दाखवणारी स्वतंत्र वाहिनी काढणं मालकांना परवडलं. पुढं या वाहिनीनं मालिकांमधल्या पात्रांचे ब्राँझचे पुतळेही उभे केले: मिनिआपोलिसमध्ये टोपी हवेत भिरकावणारी ‘द मेरी टायलर मूर शो’मधली मेरी, न्यूयॉर्कच्या बसस्थानकापाशी बसचालकाच्या गणवेशातला राल्फ. जी माणसं कधी जन्मलीच नाहीत त्यांचे पुतळे, ही गोष्ट मूर्तिपूजेला सरावलेल्या आपल्याला फारशी खटकणार नाही. खटकायला हवी ती दुसरी. या वाहिनीवरच्या जगात माणसं खोटं बोलतात, चोरून ऐकतात, नोकऱ्या घालवतात, नवऱ्याला फसवतात आणि बावीस-तेवीस मिनिटांनी सगळं पूर्ववत होतं. करावं तसं भरावं, हा नियम तिथं लागूच नाही. अशा जगाकडे माणूस पुन्हा पुन्हा का जातो? ‘स्मरणरंजन’ म्हणून हा प्रश्न निकालात काढायची पद्धत आहे, पण ती अपुरी आहे. ज्यांचा जन्मच त्या मालिकांनंतर झाला तेही त्या आवडीनं बघतात. त्यांना कशाचं स्मरण होणार? मला वाटतं, ओढ जुन्या काळाची नसून फळ न देणाऱ्या कर्माची आहे. ही ओढ समजण्याजोगी आहे. तिला क्षमेचं किंवा मुक्तीचं नाव देणं मात्र चूक आहे.

आधी या विनोदाची घडण पाहू. ‘आय लव्ह ल्यूसी’चा सप्टेंबर १९५२मधला एक भाग जगभर ओळखीचा आहे. घरकाम अवघड की नोकरी, या वादातून नवरे घर सांभाळायला घेतात आणि ल्यूसी व तिची शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतात. प्रत्येक उचलायचं, कागदात गुंडाळायचं, परत ठेवायचं. एकही न गुंडाळता पुढं गेलं तर नोकरी गेली, अशी तंबी मिळालेली. पट्टा वेग घेतो. दोघी राहिलेली चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, गळ्यातून कपड्यांच्या आत सोडतात. तेवढ्यात देखरेख करणारी बाई येते, रिकामा पट्टा बघून खूश होते आणि तो आणखी जोरात सोडायला सांगते. इथपर्यंत हा कर्मफळाचा चोख धडा आहे: लपवलेली चूक दुप्पट होऊन परत येते. पण भागाच्या शेवटी नवरे हार मानून बायकांसाठी भेट आणतात ती चॉकलेटच्याच डब्यांची, प्रेक्षक हसतात, आणि पुढच्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या. कारखान्याचं नावही कुणी काढत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ आँरी बर्गसाँनं १९००मध्ये विनोदावर लिहिताना जिवंत माणसावर चढलेल्या यांत्रिकपणात हास्याचं मूळ शोधलं होतं. तोच यांत्रिकपणा इथं आहे: ल्यूसी अनुभवानं शहाणी झाली तर मालिकाच संपेल, म्हणून तिनं काहीही शिकायचं नाही. तिचा नवरा रिकी तिला दर आठवड्याला ‘माफ करतो’, पण ती माफी नव्हेच. माफीला आधी आठवण लागते. काय घडलं हे धरून ठेवून मग ते सोडायचं असतं. इथं सोडायला हातात काही उरलेलंच नसतं. गंमत अशी की याच मालिकेत ल्यूसीचं गरोदरपण दाखवायचं ठरलं तेव्हा संहिता एका कॅथलिक धर्मगुरूकडून, एका प्रोटेस्टंट पाद्र्याकडून आणि एका ज्यू रब्बीकडून तपासून घेतल्या गेल्या. तिघांनीही सभ्यतेवर नजर ठेवली. पाप-पुण्याचा सगळा हिशेबच दर आठवड्याला पुसला जातो आहे, याकडे लक्ष देणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

पुनःप्रक्षेपणानं ही पुसापुशी आणखी एक पायरी वर नेली. मूळ प्रसारणात निदान काळ एका दिशेनं जात होता. ‘मॅश’ ही कोरियातल्या लष्करी इस्पितळाची मालिका १९७२ ते १९८३ अशी, म्हणजे प्रत्यक्ष युद्धाच्या तिपटीहून जास्त चालली. पण तिच्यात १८ मार्च १९७५ रोजी एक अपूर्व गोष्ट घडली. घरी परतायची परवानगी मिळालेल्या कर्नल हेन्री ब्लेकचं विमान पाडलं गेल्याची बातमी रडार हा कारकून शस्त्रक्रियागृहात येऊन वाचून दाखवतो, आणि डॉक्टरांचे हात तसेच चालू राहतात. विनोदी मालिकेतलं आवडतं पात्र असं मारल्याबद्दल प्रेक्षकांनी रागाची पत्रं लिहिली. पुनःप्रक्षेपणात हा मृत्यूही टिकत नाही. शेवटचा भाग संपला की पहिला लागतो आणि हेन्री आपली मासेमारीची टोपी घालून हजर होतो. हा पुनर्जन्म नव्हे, कारण पुनर्जन्मात मागचं संचित बरोबर येतं. हेन्री संचिताशिवाय येतो. उलट बाजूचा दाखला ‘साइनफेल्ड’चा. या मालिकेत कुणी कुणाला मिठी मारायची नाही आणि कुणी काही शिकायचं नाही, असा दंडकच होता. १४ मे १९९८च्या शेवटच्या भागात लेखक लॅरी डेव्हिडनं चौघा नायकांना कोर्टात उभं केलं. नऊ वर्षांत ज्यांना ज्यांना त्यांनी दुखावलं ते एकामागून एक साक्षीला आले आणि चौघांना एक वर्षाची कैद झाली. थोडक्यात, चित्रगुप्तानं वही उघडली. अनेक प्रेक्षकांना आणि समीक्षकांना हा शेवट मुळीच रुचला नाही. त्याच्या रचनेत दोष होतेच, पण रागाचं मूळ मला त्यापेक्षा खोल वाटतं: जी सवलत प्रेक्षकानं पात्रांच्या नावावर स्वतःसाठी घेतली होती, ती अचानक काढून घेतली गेली.

यावर आपल्या परंपरेतूनच एक बळकट आक्षेप येईल. ही लीला आहे, तिला कर्माचा काटा लावू नका. बाळकृष्णानं लोणी चोरलं, मडकी फोडली. गोपाळकाल्याला आपण दरवर्षी तेच करतो आणि दह्याच्या नुकसानभरपाईचा विषय काढत नाही. लीला निर्हेतुक असते, म्हणून ती बांधत नाही. आक्षेप सुंदर आहे, पण अर्धी कथा सांगणारा आहे. लोणी चोरणाऱ्या त्याच कृष्णाला गांधारीचा शाप घ्यावा लागतो, त्याच्या डोळ्यांदेखत यादव एकमेकांना मारून संपतात, आणि अखेरीस एका व्याधाचा बाण त्याच्या पायाला लागतो. हे मौसलपर्व महाभारतातच आहे. कीर्तनकार ते रोज सांगत नसेल, पण ते श्रोत्यांना ठाऊक असतं. ठाऊक असल्यामुळंच लोण्याच्या प्रसंगाला गोडी येते. लीलेला शेवट माहीत असतो, ल्यूसीला नसतो. गीतेचा आधारही इथं मिळत नाही. तिथं फळाची आसक्ती सोडायची आहे. फळच येणार नाही अशी हमी कुणी दिलेली नाही.

दुसरा आक्षेप साधा आहे आणि म्हणून अधिक गंभीर: दिवसभर राबलेल्या माणसाला अर्धा तास परिणामांपासून सुट्टी हवी असेल तर त्यात तत्त्वज्ञान कशाला घुसडता? हे मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. ज्याच्या प्रत्येक चुकीचं बिल हप्त्यानं येतं, त्याला बिल न येणारं जग विश्रांतीसाठी हवंच. झोपेतही आपण परिणामांपासून सुटतो आणि झोपेला कुणी अनीती म्हणत नाही. माझी हरकत विश्रांतीला नाही, तिला भक्तीच्या पंक्तीला बसवण्याला आहे. रोज ठरल्या वेळी तीच कथा ऐकणं म्हणजे एक प्रकारचं पारायणच, असं म्हणायचा मोह होतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं तेव्हा शेवट माहीत असलेली कोट्यवधी माणसं पुन्हा बसलीच होती. पण त्या कथेत दशरथाच्या हातून चुकून गेलेला श्रावणाचा जीव वर्षांनंतर दशरथाचाच जीव घेतो. तिथं कथा परत येते आणि फळही परत येतं. शिवाय पारायणात ग्रंथ तोच राहतो आणि वाचणाऱ्यानं बदलावं अशी अपेक्षा असते. वाहिनीची अपेक्षा नेमकी उलटी: ग्रंथही तोच राहो, प्रेक्षकही तोच राहो, मधल्या जाहिराती तेवढ्या बदलोत. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डच्या १८४३च्या ‘पुनरावृत्ती’ या पुस्तकातला निवेदक जुना आनंद पुन्हा मिळवायला बर्लिनला जातो, त्याच जागी उतरतो, त्याच नाट्यगृहात प्रहसन बघायला बसतो आणि हात हलवत परत येतो. तिथं निदान नटांचा प्रयोग तरी रोज थोडा वेगळा होता. फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकेत तीही पळवाट नाही. बदललेला एकच जण असतो आणि तो कोचावर बसलेला असतो.

फळ अडवायला पडदा पुरा पडत नाही, हे याच वाहिनीला दोनदा कळलं. नोव्हेंबर २०१४मध्ये बिल कॉस्बीवर अनेक स्त्रियांनी केलेले लैंगिक अत्याचारांचे आरोप पुढं आल्यावर तिनं ‘द कॉस्बी शो’ बंद केला. मालिकेतल्या आदर्श बापानं, डॉक्टर हक्सटेबलनं, काहीच केलं नव्हतं, पण त्याचा चेहरा ज्याच्याकडून उसना घेतला होता त्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं. (पुढं २०१८मध्ये कॉस्बी दोषी ठरला आणि २०२१मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला.) जून २०१५मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली आणि लगेच ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही मालिका हटवली गेली, कारण तिच्यातल्या लाडक्या मोटारीच्या टपावर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा रंगवलेला होता. दोन्ही निर्णय व्यापारी होते आणि बहुधा योग्यही. पण त्यांची रीत पहा: अडचणीची गोष्ट नजरेआड केली आणि पुढचा भाग लावला. परिणाम समोर आला तेव्हाही वाहिनीनं विनोदी मालिकेचाच उपाय वापरला.

म्हणून मला या वाहिनीच्या जुन्या मालापेक्षा तिची पहिली स्वतःची विनोदी मालिका विचार करण्याजोगी वाटते. १६ जून २०१० रोजी सुरू झालेल्या ‘हॉट इन क्लीव्हलँड’चं कथानक जुन्याच वळणाचं आहे: पॅरिसला निघालेल्या लॉस एंजेलिसच्या तीन मध्यमवयीन बायकांचं विमान मध्येच उतरतं, क्लीव्हलँडमध्ये आपण अजून सुंदर गणल्या जातो हे बघून त्या तिथंच घर घेतात आणि घरासोबत त्यांना एल्का नावाची खट म्हातारी मिळते. फरक नटांच्या निवडीत आहे. ‘वन डे ॲट अ टाइम’मध्ये १९७५ साली पंधराव्या वर्षी आलेली व्हॅलरी बर्टिनेली इथं पन्नाशीची आहे, एल्का झालेली बेटी व्हाइट अठ्ठ्याऐंशीची. २०११मध्ये एल्का तुरुंगात जाते तेव्हा कोठडीतली तिची सोबतीण असते मेरी टायलर मूर. २०१३च्या एका भागात मेरी, व्हॅलरी हार्पर, क्लोरिस लीचमन आणि जॉर्जिया एंगल या ‘द मेरी टायलर मूर शो’मधल्या चौघी बेटीसोबत एकत्र येतात, एका जुन्या बोलिंग संघातल्या बायका म्हणून. हार्परला कर्करोग असल्याचं तेव्हा जाहीर झालेलं होतं. संहितेत या कशाचाही उल्लेख करायची गरज नव्हती. १९७०च्या दशकातले तेच पाच चेहरे वाहिन्यांवर अजून फिरत होते. आता आक्षेप येईल की ‘हॉट इन क्लीव्हलँड’सुद्धा २०१५मध्ये संपली, तीही आज पुनःप्रक्षेपणाच्या फेऱ्यात गेली आणि एल्काही आता कायमची अठ्ठ्याऐंशीची झाली. खरं आहे. तिच्याही भागांच्या शेवटी सगळं पूर्ववत होतंच. पण जे वय तिथं थांबलं ते आधीच्या चाळीस वर्षांसकट थांबलं. ज्यानं दोन्ही मालिका पाहिल्या आहेत त्याला मधली वर्षं मोजावीच लागतात, आणि ती मोजत असतानाही एल्काच्या विनोदाला हसू येतं.