ओल्या वस्त्राचे पाणी

तिबेटच्या पठारावर चार हजार मीटर उंचीवर नांदणाऱ्या माणसाबद्दल आपण सहज म्हणून जातो, की निसर्गाने त्याला या उंचीसाठीच घडवले. श्रद्धाळू माणूस ‘निसर्गाने’च्या जागी ‘देवाने’ म्हणतो, एवढाच फरक. माझी हरकत क्रियापदाला आहे. घडवणे म्हटले की हेतू आला, आराखडा आला. त्या उंचीवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. उतरतो तो हवेचा दाब, आणि दर श्वासातला ऑक्सिजन समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्के उरतो. सखल भागातल्या माणसाचे शरीर मग तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते. अँडीजच्या रहिवाशांचेही हिमोग्लोबिन चढे असते. त्यांतल्या काहींना त्यातून जडणाऱ्या आजाराचे वर्णन कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली पेरूत केले. तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन मात्र फारसे चढत नाही. त्यामागे ‘ईपीएएस-१’ या जनुकाचे एक खास रूप आहे, आणि ते डेनिसोवन या लुप्त मानवशाखेकडून आल्याचे २०१४ साली दिसून आले. अडचण एक, तोडगे दोन, त्यांतला एक उसना! आराखड्याची ही रीत नव्हे.

हे रूप पसरले कसे, ते पाहिले की ‘देणगी’ हा शब्दही अवघड होतो. ते ज्यांच्याकडे होते त्यांची मुले जास्त जगली, इतरांची कमी. सिंथिया बील आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले, की ज्या तिबेटी मातांच्या रक्तात आनुवंशिकतेने ऑक्सिजन जास्त राहतो त्यांची मुले कमी दगावतात. म्हणजे चाळणी अजून चालू आहे. बोलिव्हियातले पोतोसी अशाच उंचीवर १५४५ साली चांदीसाठी वसले. तिथे पहिली ५३ वर्षे स्पॅनिश लोकांचे एकही मूल जगले नाही, आणि अखेर एक वाचले ते संत निकोलसच्या कृपेने, असे बखरकार कालांचा सांगतो. आकडा शब्दशः खरा मानायला नको. पण हिशेबाची तऱ्हा पाहा. वाचलेले एक संताच्या खात्यावर जमा, आधीची सगळी कुणाच्याच खात्यावर नाहीत.

देव नियमांतूनच काम करतो, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या; पण मग वाचलेल्याचे आभार जिथे पोचवायचे, तिथेच दगावलेल्यांचा जाबही विचारावा लागेल. कर्मसिद्धांत तो जाब बाळाच्याच पूर्वसंचितावर ढकलतो. हे उत्तर मला निर्दय वाटते, शिवाय पोकळही, कारण बाळ जगो वा मरो, ते तितकेच लागू पडते. उलट बाजूने आक्षेप येईल, की निसर्गाला नीती लावूच नये. निसर्गाला मी ती लावत नाही. प्रश्न आपल्या कृतज्ञतेचा आहे. पितृऋण आपण वंश चालवणाऱ्यांचे मानतो. इथे हिशेबात वंश न चाललेलेही आहेत. आपल्या तर्पणात त्यांच्यासाठी एक कोपरा आहे: ओले वस्त्र पिळून ते पाणी कुळातल्या निपुत्रिक मृतांना देतात. पण तेही कुळातल्यांनाच. डेनिसोवनाला कोणत्या कुळात बसवायचे? १९८० साली तिबेटच्याच पठारावर, चीनच्या गान्सू प्रांतातल्या शियाहे इथल्या, ३,२८० मीटर उंचीवरच्या गुहेत एका बौद्ध भिक्षूला जबड्याचे हाड मिळाले. ते किमान १,६०,००० वर्षांपूर्वीच्या डेनिसोवनाचे, हे कळायला २०१९ उजाडले. भिक्षू तिथे गेला होता प्रार्थनेला.