पाना कोणाच्या हाती?

खंडेनवमीच्या सकाळी नाना पेठेतून एक फेरी मारावी, हा माझा जुना परिपाठ आहे. एरवी मोटारींच्या सुट्या भागांवरून जेथे घासाघीस चाललेली असते, त्या दुकानांपुढे त्या दिवशी पाने, हातोडे आणि जॅक धुऊनपुसून पाटावर मांडलेले असतात. वर्षभर तेलाने माखलेले हात हळदकुंकू वाहताना दिसतात. यंदा मात्र मी तेथे थांबलो तो पूजेसाठी नव्हे, भांडणासाठी. भांडत होते माझे एक जुने शेजारी आणि त्यांचा पुतण्या. काका-पुतण्यांचा तंटा पुण्याला नवा नाही. पण येथे प्रश्न गादीचा नव्हता, ट्रकचा होता.

काकांनी चाळीस वर्षे मालवाहतूक केली. त्यांची गाडी जुनी, पण तिचे सारे काम त्यांच्या हातचे. ऑइल बदलणे, फिल्टर साफ करणे, पाट्यांच्या पिनांना ग्रीस भरणे, हवेच्या टाकीत साठलेले पाणी रोज सकाळी सोडणे, ब्रेक आवळून घेणे, यांपैकी कशासाठीही त्यांनी दुसऱ्याचे दार ठोठावले नाही. पुतण्याने अलीकडे नवा ट्रक घेतला आणि त्याबरोबर वर्कशॉपचा वार्षिक करारही केला. काकांच्या मते हा निव्वळ आळस. “अरे, आपल्या बैलाला आपण खरारा करायचा नाही, तर कुणी करायचा?” पुतण्या म्हणाला, “काका, तुमचा बैल राहिला नाही आता. याची नाडी हाताला लागत नाही.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 प्रमाणाची वाहने विकली जातात. त्यांच्या इंजिनात डिझेल केव्हा आणि किती जावे हे संगणक ठरवतो. धूर शुद्ध व्हावा म्हणून बहुतेक मोठ्या गाड्यांना युरियाचे द्रावण लागते. आणि दोष शोधायचा तर स्कॅनर जोडावा लागतो. काकांचा कान कितीही तयार असला, तरी सेन्सरची कुरकुर त्याला ऐकू येणार नाही. उलट, वर्कशॉपमध्ये गाडी दोन दिवस उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता उभा राहत नाही, हेही तितकेच खरे. प्रश्न एवढाच असता, तर तो वहीत जमाखर्च मांडून सुटला असता आणि त्यावर निबंध लिहिण्याचे कारण उरले नसते. परंतु त्या भांडणाच्या ओघात दोन हकिकती बाहेर पडल्या आणि मला वाटू लागले, की हा प्रश्न पैशाचा नाही.

पहिली पुतण्याची. सर्व्हिसिंग करून गाडी बाहेर पडली आणि साताऱ्याकडे निघाली. खेड शिवापूरला चहासाठी थांबले असता क्लीनरच्या ध्यानात आले, की मागच्या एका चाकाचे तीन नट ढिले आहेत. चाक काढून पुन्हा बसवले की थोडे अंतर धावल्यावर नट परत एकदा आवळायचे असतात. हे कोणी त्याला सांगितले नाही, आणि त्याने विचारलेही नाही. “चूक वर्कशॉपची,” पुतण्या म्हणाला. “असेल. पण चाक कुणाचं?” काकांनी विचारले.

दुसरी काकांची. ही त्यांनी मला नंतर, पुतण्या निघून गेल्यावर, आवाज खाली आणून सांगितली. आठ वर्षांवरील गाडीला दरवर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी एका मेकॅनिकने चाके उघडली, तेव्हा ब्रेकचे लायनर एका बाजूला रिव्हेटांपर्यंत झिजलेले आणि ड्रमला चीर गेलेली आढळली. काका महिनोन्‌महिने ब्रेक आवळून घेत होते. प्रत्येक वेळी पायाखाली ब्रेक पुन्हा घट्ट लागे, आणि त्या घट्टपणाखाली झीज लपत जाई. “परीक्षक मी आणि परीक्षेला बसलेलाही मीच,” ते म्हणाले, “नापास कोण करणार?”

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग नऱ्ह्यावरून नवले पुलाकडे सतत उतरत येतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड मालवाहू गाडीने तेथे अनेक वाहनांना धडका दिल्या. त्याआधी आणि त्यानंतरही त्या उताराने माणसे घेतली आहेत. अशा अपघातानंतर बहुधा पहिले वाक्य कानी येते ते एकच: “ब्रेक फेल झाला.” या वाक्याचे व्याकरण पाहा. त्यात कर्ता ब्रेक आहे. माणूस कोठेच नाही. लहान मुलाने पेला पाडला की तेही म्हणते, “पेला फुटला.” वास्तविक लांब उतारावर ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतात आणि तापलेल्या लायनरची पकड सुटते. चार पैशांचे डिझेल वाचावे म्हणून कोणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो आणि इंजिनाचा आवरही घालवतो. कोणी झिजलेले लायनर आणखी एका खेपेवर ढकलतो. या प्रत्येक क्रियेला कर्ता असतो. भाषा त्याला लपू देते, इतकेच.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात म्हटले आहे, की सुकाणूची पारख ते घडवणाऱ्या सुताराहून ते धरणारा नावाडी अधिक चांगली करतो. काकांना हे फार आवडले असते. वापरणाऱ्याला जे कळते ते कारागिराला कळतेच असे नाही. गाडी आज किंचित डावीकडे ओढते आहे, हे ती हाकणाऱ्याच्याच तळहाताला आधी समजते. पण नावाडी स्वतः नावेतच बसलेला असतो. सुकाणू मोडले तर तोही बुडतो. रस्त्यावर एक तिसरा माणूस आहे. तो आपल्या गाडीत बसलेला नाही, त्याने आपला मेकॅनिक निवडलेला नाही. नवले पुलाखाली तो भाजीची पिशवी घेऊन उभा आहे. आपल्या काटकसरीचा किंवा आपल्या अभिमानाचा धोका पत्करण्याची संमती त्याने कोणाला दिली?

माझ्या मते निवाडा करायचा तो या माणसाला समोर ठेवून. ज्या कामातली चूक आपल्याच खिशाला भोवेल, ते खुशाल आपल्या हातांनी करावे. त्यात शिक्षण आहे, बचत आहे आणि आनंदही आहे. परंतु ब्रेक, स्टिअरिंग, चाक यांतली चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. तेथे स्वावलंबन हा पुरेसा गुण नव्हे; तेथे दुसरी नजर हवीच. मात्र काम दुसऱ्याकडे सोपवताना मजुरी देऊन हात विकत मिळतात, काळजी विकत मिळत नाही. वर्कशॉपच्या पावतीवर सगळ्या कामांची यादी असते. आपली जबाबदारी वसूल झाल्याची नोंद तीत नसते.

1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळा उभारलेल्या या संस्थेत एक साधी रीत आहे: आगारात परतलेला चालक गाडीचा दोष लिहून देतो आणि यांत्रिक तो दुरुस्त करतो. ज्याला जाणवते तो सांगतो, ज्याला येते तो करतो. त्यात कसूर होत नाही असे नव्हे. पण एकाच माणसाला परीक्षक आणि परीक्षार्थी न करण्याचे शहाणपण त्या रीतीत आहे.

काकांनी आता ब्रेकचे काम मेकॅनिककडे दिले आहे. ड्रम उघडताना मात्र ते शेजारी उभे असतात. पुतण्या नटांवर रंगाची रेघ मारायला शिकला आहे. नट फिरला की रेघ तुटते, आणि ती पाहायला स्कॅनर लागत नाही. त्या सकाळी भांडण निवल्यावर पुतण्या ताटातले कुंकू घेऊन चाकाकडे निघाला, तेव्हा काकांनी त्याला अडवले आणि पाटावरचा पाना उचलून त्याच्या हाती दिला.

“आधी हा लाव,” ते म्हणाले, “कुंकू मग.”