सपाट थराचं मनन

पावसाळ्यात ओल धरलेल्या कुठल्याही जुन्या भिंतीपाशी जरा थांबा. रंगाला फुगा आलेला असेल. पोपडा अजून पडलेला नाही. त्या फुग्यावर नजर ठेवा, श्वास संथ होऊ द्या.

पाणी पिऊन थराला पसरायचं होतं, भिंतीनं पसरू दिलं नाही. पसरण्याची ती ओढ आत दाब होऊन राहिली. जिथं पकड सुटली, तिथं थर बाहेर आला.

आता नजर आत वळवा. सिलिकॉनवर चढवलेला, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ थर मनात आणा. तोही असाच सुटतो, पण पुष्कळदा नागमोडी, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा. सरळ फुगवटा आडवा दाब मोकळा करतो, लांबीच्या दिशेचा तसाच उरतो. वळणं घेतली की तोही सैलावतो. इथं घाई करू नका. सुटलेल्या पट्टीची रुंदी दुप्पट झाली, तर तिला वाकवायला पूर्वीच्या एक चतुर्थांश ताण पुरतो. म्हणजे अरुंद जागी थर सुटूनही सपाटच दिसू शकतो. दिसण्यावर जाऊ नये, ते असं.

पातळ थर कसा वाकतो, याचं गणित फॉपल यांनी १९०७ मध्ये आणि फॉन कारमान यांनी १९१० मध्ये मांडलं. कागदावर ते क्वचितच सुटतं, म्हणून महासंगणक लागतो. पुण्यात सी-डॅक या संस्थेनं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, २०१९ मध्ये पाषाणच्या आयसर या संस्थेत 'परम ब्रह्म' आला. अशा यंत्रांवर थराचे लाखो तुकडे पाडता येतात, खालचा चिकटपणा तुटू शकणाऱ्या स्प्रिंगांनी दाखवता येतो, ताण थोडाथोडा वाढवता येतो.

वाढवा. मनातल्या मनात. वाकण्याची मर्यादा ओलांडली, तरी काही होत नाही. निर्दोष सपाट थर संगणकात सपाटच राहतो, कारण कुठं वाकायचं याला त्याच्याकडे कारणच नसतं. म्हणून जाणकार सुरुवातीलाच त्यात जाडीच्या मानानं नगण्य असा उंचसखलपणा पेरतात. मला तरी ही लबाडी वाटत नाही. खरा थर निर्दोष असतो कुठं?

आता त्या पेरलेल्या खोटीपाशी थांबा. ती हलवली, तर फुगवटा दुसरीकडून सुरू होतो. वळणांमधलं अंतर मात्र तिच्या हातात फारसं नसतं. ते जाडी, ताण आणि चिकटपणा ठरवतात. खोट आणखी जरा हलवा, आणि पुन्हा पहिल्यापासून ताण वाढवा.