‘रिलिजन’ आणि धर्म

‘रिलिजन’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमधील ‘रिलिजिओ’पासून फ्रेंचमार्गे आला, हे निश्चित असले तरी ‘रिलिजिओ’ची व्युत्पत्ती प्राचीन काळापासून वादग्रस्त आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिसेरो या रोमन लेखकाने तो ‘पुन्हा पुन्हा वाचणे, उजळणी करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून साधला आणि उपासनेचे विधी काळजीपूर्वक पाळण्याला महत्त्व दिले. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने मात्र ‘बांधणे’ हे मूळ मानून ईश्वराशी असलेले बंधन असा अर्थ लावला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत, ख्रिस्ती पंथांच्या संघर्षांनी युरोप होरपळत असताना, हा शब्द परस्परांपासून वेगळ्या ओळखता येणाऱ्या श्रद्धाप्रणालींचे नाव होऊ लागला. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या लेखनातून आणि जनगणनेच्या रकान्यातून जो अर्थ मराठी ‘धर्मा’वर येऊन बसला, तो मुख्यतः हाच.

त्यापूर्वी ‘धर्म’ किती विस्तीर्ण होता, याचा सर्वांत भक्कम पुरावा सातारा जिल्ह्यातील वाई येथे तयार झाला. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांनी उभारलेल्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘धर्मकोश’ हाती घेतला आणि १९३७ मध्ये त्याचा प्रारंभ व्यवहारकांडाने, म्हणजे न्यायदानाशी संबंधित वचनांच्या संग्रहाने, केला. कर्जाची फेड, ठेव, शेताच्या सीमेचा तंटा, वारसांतील वाटणी हे विषय तेथे धर्माचेच विषय आहेत. ईश्वर आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर न देताही तेथे धर्माविषयी पानेच्या पाने बोलता येते. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र रचणाऱ्या पंडितांच्या, मते धर्म म्हणजे वेदाच्या विधिवाक्यातून कळणारे श्रेयस्कर कर्तव्य. मनातील श्रद्धेच्या कबुलीला तेथे गौण स्थान आहे.  जैन दर्शनात तर ‘धर्म’ या संज्ञेला, कर्तव्याच्या अर्थाखेरीज, जीव व पुद्गल (म्हणजे जड पदार्थ) यांच्या गतीला साहाय्य करणारे द्रव्य असाही पारिभाषिक अर्थ आहे. शेजारधर्म, कुळधर्म, दानधर्म हे रोजचे शब्द त्या जुन्या विस्ताराचीच साक्ष देतात. ‘धर्मादाय आयुक्त’ या पदनामातही तोच दानाचा अर्थ शिल्लक आहे.

एवढ्यावरून ‘धर्म’ उदार आणि ‘रिलिजन’ संकुचित, असा जो निष्कर्ष हौसेने काढला जातो तो टिकत नाही. ज्या व्यापक धर्मात कर्जफेड येते त्याच धर्मात वर्णानुसार ठरलेली विषम कर्तव्येही येतात, आणि जन्माने लादलेले कर्तव्य नाकारण्याची सोय त्या व्यापकतेत सहसा नसते. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी नेमकी येथेच नव्या अर्थाची ताकद ओळखली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच घरातील पती, पत्नी, मुलगा व मुलगी यांनी आपापल्या विचाराने निरनिराळे धर्म स्वीकारावेत आणि तरीही प्रेमाने एकत्र राहावे, अशी कल्पना मांडलेली आहे. ही कल्पना कुळधर्माच्या भाषेत मांडताच येत नाही, कारण तेथे धर्म घराण्याचा असतो, व्यक्तीने विचारपूर्वक निवडलेला नसतो. फुल्यांनी मात्र निवडीचे स्वातंत्र्य घेताना आचरणाचा जुना आग्रह सोडला नाही. त्यांचा सत्यधर्म हा प्रामुख्याने माणसामाणसांतील वागणुकीचाच धर्म आहे.

हा दुहेरी वारसा राज्यघटनेच्या भाषांतरातही उतरला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत आलेल्या ‘सेक्युलर’ या शब्दासाठी हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, तर मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ रूढ झाला. राज्य कर्तव्यापासून निरपेक्ष कसे राहील, हा त्यावरचा आक्षेप जुन्या अर्थाने रास्त आहे; परंतु घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने ज्याच्या आचरणाचे व प्रसाराचे स्वातंत्र्य दिले तो धर्म फुल्यांच्या कल्पनेतील घरातला, म्हणजे निवडता व सोडता येणारा, धर्म आहे, आणि राज्याने तटस्थ राहायचे आहे ते त्याच्याच बाबतीत.