आमिषाचा न्याय

ज्या खेळाचा पायाच कपटावर उभारलेला आहे, त्या खेळांत लबाडी म्हणावयाचें तरी कशाला? हा प्रश्न आम्हांस एका परदेशच्या हकीकतीवरून सुचला.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवरांत वॉलआय नांवाचा मासा आहे. त्याच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्याप्रमाणें चकाकणारा पडदा असल्यामुळें अंधुक उजेडांतही त्याला चांगलें दिसतें. शरद् ऋतूंत पाणी निवूं लागलें कीं तो लहान माशांच्या झुंडींमागें लागून अधाशासारखा खातो. कारण पुढें हिवाळा असतो, आणि मादीच्या पोटांत वसंतांत घालावयाचीं अंडीं वाढत असतात. ही भूक हेरूनच हौशी लोक होडी ताशीं दीड-दोन मैलांच्या मंद गतीनें चालवितात व तिच्यामागें बनावट मासे ओढीत नेतात.

असल्या बनावट माशांत फिनलंडच्या लौरी रापालाचा मासा प्रसिद्ध आहे. शिकारी मासा सगळ्या झुंडींतून नेमका जखमी, लटपटत पोहणारा मासा निवडतो, हें या मासेमारानें पाहिलें होतें. १९३६ सालीं त्यानें बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटवरचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या फिल्मा वितळवून त्यांचा लेप दिला. तो मासा पाण्यांत हुबेहूब लटपटे! दुबळ्याचें सोंग घेऊन भुकेल्याला मारण्याच्या या कसबाचा पुढें जगभर गौरव झाला.

आतां ती हकीकत. ३० सप्टेंबर २०२२ रोजीं ईरीच्या कांठीं क्लीव्हलंड येथें वॉलआय धरण्याची स्पर्धा होती. दोघां स्पर्धकांच्या पांच माशांचें वजन दिसण्याच्या मानानें फारच भरलें. संशय येऊन पोटें चिरलीं, तों आंत शिशाचे गोळे व दुसऱ्या माशांचे तुकडे! दोघांनीं पुढें गुन्हा कबूल केला. २०२३ सालीं त्यांना दहा दिवसांची कैद झाली व होडीही गमवावी लागली.

शिक्षा योग्यच झाली. पण आमिष खोल बुडावें म्हणून गळाच्या दोरीलाही पुष्कळदां शिसेंच लावतात. तेथें तें कसब, आणि माशाच्या पोटांत गेलें कीं गुन्हा!

कोणी म्हणेल, स्पर्धक एकमेकांस वचनानें बांधलेले असतात; माशाला वचन कोणीं दिलें होतें? उत्तर बिनतोड आहे, आणि म्हणूनच आम्ही अस्वस्थ होतों. या न्यायानें सत्य हा केवळ मंडळाच्या सभासदांपुरता नियम ठरतो. ज्याला वचन मागतांच येत नाहीं, मग तो मासा असो कीं कागदावर आंगठा उठविणारा निरक्षर ऋणको असो, त्याच्याशीं वाटेल तसें वागावयास मोकळीक! आपल्या भाषेनें मात्र हा न्याय मानलेला दिसत नाहीं. ‘आमिष’ म्हणजे मूळचें मांस. पण अमक्यानें आमिष दाखविलें असें म्हणतांना आपण त्याच्या कसबाची स्तुति करीत नसतों.

आमच्या ताटांत सुरमई असते, तेव्हां सोंवळें मिरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पोटासाठीं गळ टाकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु मासा केवळ धरून सोडून देण्यांत दया आहे, असें जेव्हां सांगतात, तेव्हां आमची मान हालत नाहीं. खोल पाण्यांतून एकदम वर ओढलेल्या वॉलआयच्या पोटांतली हवेची पिशवी फुगते. सोडल्यावर तो खालीं जाऊं पाहतो, आणि पुष्कळदां त्याला जातां येत नाहीं.