पाण्याचा मुक्काम

पाणी फिरते हे माणसाला फार पूर्वीच कळले होते. ते फिरता फिरता कोठे आणि किती काळ थांबते हे मात्र त्याला फार उशिरा कळले, आणि जलचक्राच्या कल्पनेचा सारा इतिहास, माझ्या मते, या दोन जाणिवांमधल्या अंतराचा इतिहास आहे. सूर्य पृथ्वीवरचा रस शोषून घेतो आणि पर्जन्यरूपाने तो अनेक पटींनी परत करतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळलेली होती की कालिदासाने ‘रघुवंशा’त दिलीप राजाच्या करवसुलीला तिचाच दृष्टान्त दिला. कौटिल्याची दृष्टी कवीची नव्हे, कारभाऱ्याची. कोठारापाशी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, अशी तजवीज त्याने ‘अर्थशास्त्रा’त केली आणि प्रदेशवार आकडेही दिले: अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात अमित. हा अपरान्त म्हणजे आपलाच कोकणपट्टीचा मुलूख. त्याची जुनी राजधानी शूर्पारक, आजचे सोपारे, भाईंदरच्या खाडीपलीकडे थोड्याच अंतरावर आहे. जेथे मापनच थकले त्या प्रदेशात आज पाण्यासाठी दूरदूरच्या नद्यांकडे हात पसरावे लागतात, हे कसे घडले, एवढाच या लेखाचा प्रश्न.

युरोपात हा विचार निराळ्या वाटेने गेला. डोंगरातून बारमाही वाहणारे झरे केवळ पावसावर जगत असतील, हे तेथील विद्वानांना दीर्घकाळ पटेना. समुद्राचेच पाणी भूगर्भातील मार्गांनी पर्वतांपर्यंत चढते आणि मातीत आपला खारेपणा टाकून गोडे होते, असे सतराव्या शतकातही मोठमोठे पंडित मानीत. हा भ्रम तर्काने नव्हे, हिशेबाने फिटला. 1674 मध्ये पिएर पेरो याने सीन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात वर्षभर पडणारा पाऊस आणि नदीतून वाहून जाणारे पाणी यांचा ताळा घातला, तेव्हा पावसाच्या अवघ्या षष्ठांशात नदीचे वर्ष भागते असे दिसले. तेरा वर्षांनी एडमंड हॅली याने मिठाचे पाणी एका उथळ भांड्यात घेतले, ते उन्हाळ्याइतके कोमट ठेवले, दोन तासांत त्याचे वजन किती घटते ते तोलले, आणि त्यावरून असे गणित मांडले की भूमध्य समुद्रातून वाफ होऊन जाणारे पाणी त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट भरते.

हॅलीचा हा प्रयोग भाईंदर पश्चिमेकडच्या मिठागरांत दर उन्हाळ्यात उघड्यावर होत आला आहे. उधाणाचे पाणी बांधाच्या उघाडीतून आत घ्यायचे, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडीत ते घट्ट करीत न्यायचे, आणि मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला की पृष्ठभागावर धरलेली बारीक पांढरी साय तळाशी बसू लागताच ते मीठ ओढून बांधावर ढीग लावायचे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण 35 ग्रॅम असतात, आणि त्यांतील मोठा हिस्सा मिठाचा. तेव्हा एक किलो मीठ म्हणजे पस्तीस-चाळीस लिटर पाणी आकाशात गेल्याची पावतीच होय. मुर्धा, राई, मोर्वा या गावांच्या परिसरातल्या आगरी माणसाला वारा आणि ऊन पाणी कसे उचलतात, हे कोणत्याही ग्रंथाविना तळहातासारखे ठाऊक होते. विज्ञानाच्या इतिहासात त्याच्या या ज्ञानाची नोंद नाही, याची मला खंत वाटते.

पाणी चढते आणि उतरते, हे सिद्ध झाल्यावर उरला तो मुक्कामाचा प्रश्न. हेन्री दार्सी याने 1856 मध्ये वाळूच्या स्तंभांतून पाणी झिरपवून त्याच्या गतीचा नियम काढला, तेव्हापासून भूगर्भातल्या पाण्याच्या संथ चालीचे गणित करता येऊ लागले. पुढे सगळ्याच साठ्यांचे अंदाज झाले: वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते, समुद्रात शिरलेले पाणी सुमारे तीन हजार वर्षे. कोकणाचे दुखणे येथे उमगते. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस कठीण काळ्या खडकावरून धावत, अवघ्या सव्वाशे किलोमीटरच्या उल्हास नदीतून काही दिवसांत वसईच्या खाडीला मिळतो. खाली भाईंदरच्या चिकण खाजणात तो मुरत नाही, आणि जो मुरतो त्याला खाऱ्या पाण्याचा शेजार. पावसाचे चार महिने सोडले तर अमित पर्जन्याचा हा प्रदेश तहानलेला राहतो, कारण येथे पाण्याला थांबायला जागा नाही.

मग माणसाने जागा केली. मावळात ठोकळवाडीला बांध घालून आंध्रा नदी अडवली गेली आणि 1922 पासून तिचे पाणी घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरातून उल्हासात सोडले जाऊ लागले. हे पाणी मूळ वाटेने इंद्रायणीला मिळाले असते, देहू-आळंदीवरून भीमेत, पंढरपुराखालून कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेले असते. उल्हासवर उपसा करून जे पाणी भाईंदरच्या नळांना पुरवले जाते, त्यात त्या पूर्ववाहिनीचाही अंश आहे. एका समुद्राचे पाणी दुसऱ्याला देणारी ही घटना ऋतुचक्राने नव्हे, विजेच्या गरजेने घडवली. तरीही पाठ्यपुस्तकांतल्या जलचक्राच्या आकृतीत ढग, डोंगर, नदी आणि समुद्र एवढेच असायचे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने आपली आकृती सुधारून धरणे, कालवे, शेते आणि शहरे तिच्यात घातली ती थेट 2022 मध्ये.

त्या सुधारलेल्या आकृतीचा अर्थ सूर्या प्रकल्पाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येतो. या प्रकल्पातले धामणीचे धरण मुळात डहाणू-पालघरकडील शेतीच्या सिंचनासाठी. त्याच पाण्यातून मीरा-भाईंदरसाठी रोज 218 दशलक्ष लिटरची तरतूद झाली. शहराची गरज खरी आहे, आणि धरणाखालच्या आदिवासी शेतकऱ्याची तक्रारही तितकीच खरी. शहराच्या पाण्याचा जमाखर्च मांडताना त्याच्या शेताला न पोचलेल्या आवर्तनाची रक्कम नावे टाकलीच पाहिजे. आणि भाईंदरच्याच छपरांवर दर पावसाळ्यात पडून गटारावाटे खाडीला मिळणारे गोडे पाणी त्याच पानावर, त्या रकमेच्या शेजारी, लिहिले गेले पाहिजे.